फाटकं नव्हं, जुनेर हाय : शहापूरच्या वाकळवाल्या अक्का

आधीच सांगते, दुकानाचं नाव लिहिता येणार नाही कारण दुकानाला नावच नाही. बोर्ड नाही, मॅपवर पिन नाही. बेळगावच्या शहापुरात नाथ पै सर्कलवरून वडगावच्या अंगाला निघालं की एका बोळात जुनं कौलारू घर आहे, त्याच्या कट्ट्यावर दोघी-तिघी बायका मांडी घालून सुया चालवत बसलेल्या असतात आणि बाहेर दांडीवर अर्धी शिवलेली वाकळ टाकलेली असते, तोच बोर्ड समजायचा. मराठीत विचारा "वाकळ शिवणाऱ्या अक्का कुठं", कन्नडमध्ये विचारणार असाल तर कौदी म्हणा, पोरंसोरं पण दाखवतात. पुण्यामुंबईकडच्यांनी वाकळ म्हणजे गोधडी समजावं. पाचपैकी चार स्टार. पाचवा का कापला ते पुढं येईलच, पण खरं तर मी हे लिहायला बसले ते वाकळीपेक्षा एका शब्दासाठी.

झालं असं की आमची आजी, आईची आई, यळ्ळूरची, २०१९ ला गेली. तिची पत्र्याची ट्रंक आईनं आमच्या टिळकवाडीच्या घरी आणून माळ्यावर ठेवली आणि त्यानंतर कुणाला हात लावू दिला नाही. यंदा पावसाआधी माळा आवरायला काढला (बेळगावचा पाऊस माहीत असणाऱ्यांना सांगायला नको, एकदा लागला की कपाटातल्या चपलांना पण बुरशी येते) तेव्हा एकदाची ती ट्रंक उघडली. आत डांबरगोळ्यांचा वास, तपकिरीची रिकामी डबी आणि सहा लुगडी. पाच इरकल, आणि एक कसलंतरी चमकणारं, कुणाच्यातरी लग्नात मानाचं मिळालेलं, जे तिनं कधी नेसलेलं मी तरी बघितलं नाही. इरकल म्हणजे बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलचं, आपल्या तोंडात त्याचं इरकल झालंय, अंग सुती, पदर लाल आणि त्यात पांढरे पट्टे, आणि पदराचे धागे अंगाच्या धाग्यांत फासे घालून अडकवलेले असतात, शिवलेले नसतात. आजीच्या पिढीला शेतात, बाजारात, लग्नात, मयताला, सगळीकडं इरकलच.

आई म्हणाली टाकायची नाहीत. मग करायचं काय, तर ते तिलाही माहीत नाही.

आधी मी शहाणपणा केला. गावातल्या एका एसीवाल्या ड्रायक्लीनिंगच्या शोरूमला घेऊन गेले, म्हणलं निदान स्वच्छ करून नीट ठेवू. कौंटरवरच्या पोरानं पहिलं लुगडं उलगडलं, नखानं टोचून बघितलं आणि पावतीवर लाल पेननं लिहिलं, डॅमेज्ड. दुसरं उलगडलं, डॅमेज्ड. सहाच्या सहा, अगदी ते कधी न नेसलेलं चमकतं सुद्धा. म्हणलं अरे ह्याला काय झालंय, तर म्हणे "मॅडम ओल्ड आहे ना, लिहायला लागतंय, उद्या आमच्यावर यायला नको." गठ्ठा उचलला आणि घरी आले. आईनं पावती वाचली, काही बोलली नाही, पण तोंड असं केलं की जणू कुणी आजीलाच डॅमेज्ड म्हणलंय.

मग आमच्या कामाच्या मावशींनी ह्या अक्कांचं सांगितलं. स्कूटीला बोचकं बांधून, दुसऱ्या रेल्वे गेटाला मालगाडी जाईपर्यंत ऊन खाऊन, पोचले एकदाची. अक्का साठीच्या पुढच्या, कपाळाला ठसठशीत कुंकू, घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी आणि सुनेवर ओरडायचं असलं की दोन्ही. रेट नाही, चौकशी नाही, बोचकं सोडलं आणि एकेक लुगडं उजेडाला धरायला सुरुवात. पहिलं धरलं, दोन्ही अंगठ्यांत घेऊन ताणलं, कानाजवळ नेलं (खरंच कानाजवळ, ताणताना बारीक चर्र होतंय का ते ऐकतात) आणि म्हणाल्या, "ह्ये जुनेर हाय." मी म्हणलं हो ना, फाटलंय जरा. तर माझ्याकडं बघून, "फाटकं येगळं बाई, जुनेर येगळं. कुठं फाटलंय दाव बघू?"

शोधलं. कुठंच भोक नाही. रंग उतरलेला, काठ तेवढा ताठ, आणि अंग असं मऊ की हातात घेतलंय हे कळत नाही.

आता मी मराठी घेऊन बीए केलंय, जुनेर हा शब्द मला नवा नाही. पण कथा-कादंबरीत गरीब बाई आली की तिच्या अंगावर जुनेर असायचंच आणि आपण फाटकं लुगडं असं धरून पुढं वाचत जायचो, परीक्षेत समानार्थी शब्द आला तर जुनेर = फाटके वस्त्र लिहून एक मार्क घ्यायचो. कापडाला हात लावून हा शब्द कुणी मला कधी दाखवलाच नव्हता.

अक्कांच्या कट्ट्यावर दर शब्दाचा ढीग वेगळा. उसवलेलं असेल तर ते म्हणे कापडाचं दुखणंच नाही, दोऱ्याचं आहे, त्याची तक्रार शिंप्याकडं. खोंबारा लागलाय म्हणजे खिळ्याला नाहीतर बाभळीला अडकून एका जागी फाटलंय, बाकी कापड तरणं आहे, तिथं ठिगळ लावलं की झालं (ठिगळाला कन्नडमध्ये तेपे म्हणतात हे मला तिथं कळलं). विरलेलं सगळ्यात फसवं. बघायला अखंड, घडी घातली तर शहाण्यासारखी बसते, पण उजेडाला धरलं की पलीकडचा माणूस दिसतो. "ह्येला सुई लावली की सुईच्या भोकातनंच फाटत जातंय," अक्का म्हणाल्या. आणि सगळ्यात शेवटी पटकूर. पटकूर म्हणजे विषय संपला.

आमचं तिसरं लुगडं पटकूर निघालं. वाईट वाटलं हो. तेच तर मला आठवत होतं, हिरवं, आजी अंगणात मिरच्या वाळत घालताना नेसायची ते. म्हणलं अक्का आतल्या थरात तरी घाला की. "आत घातलं तर पयल्या धुण्यात गोळा हुतंय, मग वरचं चांगलं पन वडतंय. ऱ्हाऊ दे." परत घडी घालून माझ्या पिशवीत. त्या बाबतीत बाई एकदम प्रामाणिक, तीन थरांत एक सडका थर घालून मजुरी वाढवायची असती तर मला काय कळणार होतं.

मधेच एक गंमत झाली. चौथं लुगडं सुनेच्या हातात देताना अक्का काहीतरी म्हणाल्या त्यात मला "हरकु" ऐकू आलं, मला वाटलं बाई लुगडं बघून हरखल्या. म्हणलं छान आहे ना? सून हसायला लागली. कन्नडमध्ये हरकु म्हणजे फाटकं! हरकु अरिबी, फाटके कपडे. आपण हरखतो तेव्हा तिकडं कापड फाटलेलं असतं. चिंधी मात्र दोन्हीकडं चिंधीच, तिला भाषांतर लागत नाही.

तर ते हरकु लुगडं. मला त्यात फाटलेलं काही दिसेना, उलट मधोमध एक आडवी शिवण होती आणि शिवणीच्या अल्याड-पल्याड रंगात जरासा फरक, मला वाटलं डिझाईनच तसं. अक्कांनी ते मांडीवर पसरलं आणि शिवणीवरून बोट फिरवत राहिल्या. "दंड घातलाय. तुझ्या आज्जीनं घातलाय का?" दंड घालणं हा शब्द मी पुस्तकात सुद्धा वाचला नव्हता. लुगडं आधी कुठं जातं तर बसायच्या जागी. टोकं चांगली, मधला भाग झिजलेला. मग तो मधला झिजका भाग कापून काढायचा आणि उरलेली दोन चांगली टोकं एकमेकांना जोडून परत नेसायला काढायचं, ती जोड म्हणजे दंड. नऊवारीतला मधला भाग गेला की लांबी कमी होते, तेवढ्यात भागवायचं. आजीनं आम्हाला कधी सांगितलं नाही. आम्ही तिला दिवाळीला नवीन लुगडं घ्यायचो आणि ती ते ट्रंकेत ठेवून हे दंडाचं नेसायची बहुतेक. पण ह्या वेळी दंडाच्या दोन्ही बाजूंना विरलं होतं, म्हणून हरकु. अक्कांनी म्हटलं दंडाची पट्टी तेवढी दोन्हीकडं वीतभर ठेवून कापते, वरच्या थराला मधोमध लावू, खाली धड कापड आलं की टिकंल. हे मी मागितलं नव्हतं. ह्या एका गोष्टीसाठी मी खरं तर सहा स्टार दिले असते.

लुगड्याची नोकरी कशी असते ते पण अक्कांनी सुई ओवता ओवता सांगितलं, मला तर प्रमोशनच्या उलटी यादी वाटली. नवं असतं तेव्हा पेटीत. मग लग्नकार्याला, मग बाजाराला, मग रोजचं. धुवून धुवून खळ गेली, पीळ सैल पडला की जुनेर, आणि तिथं त्याचा भाव वाढतो, कारण बाळंतिणीच्या घरातनं मागणी येते, बाळोती आणि दुपटी नव्या कापडाची करत नाहीत, कातडीला लागतात. जुनेर फाडून धडपा, घरात कामाला नेसायचा. मग चिरगुटं, कशातही. मग फडकं. मग पोतेरं, सारवायला. आणि उरलेल्या चिंध्यांचा काकडा, म्हणजे जाड वात, नाहीतर चुलीला पेटवण. वाकळ शिवायची ती जुनेराची, त्याच्या आधी केली तर कापड कडक, अंगाला चिकटत नाही, त्याच्या नंतर केली तर टाका धरत नाही. म्हणजे कापडाच्या आयुष्यात वाकळीसाठी एकच दोन-चार वर्षांची खिडकी असते आणि तिचं नाव जुनेर. त्या ड्रायक्लीनरच्या पावतीवर ह्या सगळ्याला मिळून एकच शब्द होता.

घरी येऊन मी डोक्यात शब्दाचा धागा ओढत बसले (सवय, काय करणार). जुना, जुनेर, जीर्ण, जर्जर, जरा म्हणजे म्हातारपण, सगळी एकाच घरची, संस्कृतातल्या जॄ धातूची. प्राकृतात जुण्ण झालं आणि त्याचं आपलं जुनं. जुन्नर गावाचं नाव पण जीर्णनगरवरून आलं असं सांगतात. आणि मंडईत आपण "भेंडी जून निघाली" म्हणतो ते जून पण ह्यातलंच. पण मला खरी मजा वाटली ती अजीर्णाची. जीर्ण म्हणजे झिजलेलं आणि जीर्ण म्हणजे पचलेलं पण, म्हणून न पचलं की अजीर्ण. म्हणजे आजीनं ते लुगडं वीस-पंचवीस वर्षं उन्हात, घामात, विहिरीच्या पाण्यात पचवलं तेव्हा त्याचं जुनेर झालं. ते चमकतं मानाचं लुगडं तेवढ्याच वयाचं असेल, पण कुणी नेसलंच नाही, ट्रंकेत पडून पडून घडीवर तडकलं. अक्कांनी ते हातात पण धरलं नाही. "ह्ये जुनं हाय, जुनेर न्हाई."

ह्याच आठवड्यात आमच्या भाच्यानं ऑनलाईन जीन्स मागवली, गुडघ्याला फाडलेली, मांडीवर घासून पांढरी केलेली. ॲपवर मराठी भाषा लावली तर खाली लिहिलेलं "पुरुषांसाठी जीर्ण जीन्स". मी हसून हसून खाली पडायची राहिले. जीर्ण कसली, कारखान्यात घासून आणलेली, एक दिवस कुणी घातलेली नाही, अजीर्ण जीन्स म्हणा. आई म्हणाली पैसे देऊन पटकूर आणलं. मी म्हणलं आई पटकूर पण नव्हे, पटकूर व्हायला आधी जुनेर व्हायला लागतं. भाच्यानं कानात इअरफोन घातले.

तशी ह्या शब्दांना माणसांवर टाकायची पण आपल्याकडं जुनी खोड. चिंधीचोर, लक्तरं वेशीला टांगणं. सिंधुताई सपकाळांना लहानपणी चिंधीच म्हणायचे, मुलगी नको होती म्हणून. आणि उलटीकडून गाडगेबाबा, अंगावर ठिगळांची गोधडी, तर लोक प्रेमानं गोधडेबाबा म्हणायचे. एकाच कापडाची दोन नावं, कोण कुणाला म्हणतंय त्यावर.

बरं, वाकळीचं. सहातली दोन बाद, तीन जुनेर आणि दंडाचा तुकडा एवढं कामाला आलं. साईज साधारण सहा बाय साडेचार फूट. आत कापूस वगैरे काही नाही, नुसते लुगड्याचेच थर, म्हणून रजईसारखी फुगत नाही, अंगावर बसते. टाका धावदोऱ्याचाच, पण रांगा अंगठ्याएवढ्या अंतरावर, आणि कडेनं सुरू करून चौकोनात चौकोन फिरत आत आत मधापर्यंत येतात. चारी कोपऱ्यांना कापडाचे घडी घातलेले छोटे तुकडे लावलेत. मला वाटलं शोभेचे. खानापूर-हल्याळच्या जंगलपट्ट्यात सिद्दी (मूळच्या आफ्रिकेतल्या) समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची वाकळ, शिवतात त्यांच्याकडं असे कोपरे असतात, त्याला फुला म्हणतात आणि फुला नसेल तर कवंदी उघडीनागडी समजतात. अक्कांना विचारलं तुम्ही तिकडनं शिकलात का, तर म्हणाल्या "आमच्या आईनं लावलं म्हनून आमी लावतो," विषय बंद.

वजन बऱ्यापैकी आहे, पावसाळ्यात पंखा चालू ठेवून पांघरली तर झकास, उन्हाळ्यात खाली घालायची. मी मुद्दाम टाके ओढून बघितले, एक पण सुटला नाही. उलट बाजूला गाठी दिसत नाहीत, थरांत लपवतात. एकदा घरी धुतली, मशीनमध्ये नको म्हणाल्या होत्या म्हणून बाथरूममध्ये पायानं तुडवून, आणि मग पिळायला मी आणि नवरा दोन टोकांना, बाहेर बघणाऱ्याला वाटलं असेल भांडण चाललंय. काठाचा लाल रंग थोडा सुटला, पहिल्यांदा वेगळी धुवा. आता खराब गोष्टी, कारण नुसतं कौतुक वाचून लोक जातात आणि मग मला फोन करतात.

वेळ. पंधरा दिवस म्हणाल्या, दोन महिने लागले. मे मध्ये दिली, पाऊस लागला, पावसात सुती कापड दमट राहतं आणि दमट कापडात टाके घातले तर वाळल्यावर आकसून चुण्या पडतात, हे कारण मला पटलं, पण ते मे मध्येच सांगायला काय हरकत होती? फोन उचलत नाहीत. सुनेचा नंबर आहे तो नातवाकडं असतो आणि नातू गेम खेळत असतो. मी तीन खेपा घातल्या, दोनदा "आज न्हाई गं, नागपंचमी झाल्यावर ये". दोऱ्याचा रंग पण विचारला नाही, मला लाल हवा होता, पांढरा घातला, विचारल्यावर "लाल दोरा डोळ्यावर येतंय, लुगडं दिसाय पायजे का दोरा?" आता बघितल्यावर त्यांचंच बरोबर वाटतंय पण विचारायला पाहिजे होतं. ह्या सगळ्याचा मिळून पाचवा स्टार कापला.

पॉलिस्टर नेऊ नका. नेलं तर परत देतात आणि वर चार शब्द ऐकवतात. माझ्यासमोर एक बाई मुलीच्या सिंथेटिक साड्या घेऊन आलेली, तिला म्हणाल्या हे घाम पीत नाही, सुई घसरते, थर एकमेकांवरनं सरकतात, ही जुनी होते पण हिचं जुनेर होत नाही. बिचारी म्हणाली हल्ली सुती नेसतंय कोण. ते पण खरंच की.

मजुरी माझ्याकडून सोळाशे घेतली, दोऱ्यासकट, पाचशे आधी. हातशिलाई बघता मला जास्त वाटली नाही, घासाघीस करायचा धीर पण झाला नाही. जीपे चालतं, नातवाच्या मोबाईलवर, त्यासाठी गेम थांबवायला लागतो. चारचाकी बोळात नेऊ नका, मागं घेताना मागच्यांच्या शिव्या ऐकाल, अलीकडंच लावून चालत जा. दुपारी एक ते चार अक्का झोपतात, त्या वेळात गेलात तर सून "कुठल्या कापडाची आहे" विचारेल, तिच्याकडं देऊ नका, उजेडाला धरून बघायचं काम अक्का स्वतःच करतात आणि त्यासाठीच जायचं.

आणि नेताना कापडं मोजून द्यायची तशी आणताना चिंध्या पण मागून घ्या. कापून उरलेला एकेक तुकडा त्या वेगळ्या पिशवीत बांधून ठेवतात, ठेवून घेत नाहीत, विकत नाहीत. माझी पिशवी मी विसरले. पटकूर झालेल्या हिरव्या लुगड्याचं काय करायचं ते पण ठरेना म्हणून आईनं त्याची घडी परत ट्रंकेत घातलीय. परवा मावशींकडनं निरोप आला, "अक्का म्हनालीय तुमच्या चिंध्या ऱ्हायल्यात, काकड्याला चांगल्या हायत, घिऊन जा." दिवाळीच्या आत जायला पाहिजे, ते हिरवं पण घेऊन जाईन म्हणते.